हात खिशात, पाय गवतात

सरांनी मला पहिल्यांदा ओळखलं ते मागून. मी ठाकुर्लीच्या पुलावरून खाली उतरत होते आणि पाठीमागून आवाज आला, "ए, दोन वेण्या! डावा खांदा वर घे!" मी दचकून वळले. शर्टाच्या कॉलरला मागे छत्री अडकवलेला एक उंच माणूस माझ्या तोंडाकडे बघून एकदम गोंधळला. "सॉरी हं," म्हणाला, "मला वाटलं माझ्या क्लासची मुलगी."

"सर, मी तुमच्याच क्लासची आहे. महिना झाला येतेय."

त्यांनी मला चष्म्यावरून निरखलं. कपाळ, नाक, हनुवटी, सगळं बघून झालं, पण काही केल्या पटेना. मग म्हणाले, "वळ बघू." मी भर रस्त्यात वळले. शेजारून जाणारी एक बाई थांबून बघायला लागली.

"हां! तूच की! मग आधी सांगायचं ना."

त्यांचं खरं आडनाव क्लासच्या पाटीवर होतं, पण पाटीवर वेल चढलेली आणि ती काढायची सरांची इच्छा नव्हती. आम्ही त्यांना पाठमोरे सर म्हणायचो. ऐकायला खरं आडनावच वाटतं. एका पालकांनी तर मुलीच्या लग्नाची पत्रिका ‘श्री. व सौ. पाठमोरे’ अशा नावाने पाठवलेली. सर गेले, पोटभर जेवून आले. आम्ही विचारलं, तर म्हणाले, "पत्रिका आपलीच होती. वर्णन बरोबर होतं."

आता हा क्लास कसला, ते सांगते. आपल्याकडे चित्रकलेची सरकारी ग्रेड परीक्षा असते. त्यातल्या इंटरमिजिएटला ए आली की दहावीला सात मार्क जादा, बी आली तर पाच, सी आली तर तीन. त्यामुळे दहावी जवळ आली की ज्याला साधा पतंग काढता येत नाही तोही चित्रकार होतो. आमच्या बॅचला असे सतरा चित्रकार होते. मी त्यातली बऱ्यापैकी वाईट. एलिमेंटरी मी कशीबशी पास झालेले, आणि त्यात माझ्या कावळ्याला परीक्षकांनी बहुतेक छत्री समजून मार्क दिले असावेत.

पण मला ते मार्क खरंच हवे होते. नववीत शाळा आम्हाला विज्ञान प्रदर्शनाला ठाण्याला घेऊन गेलेली, टेंभी नाक्यापासून चालत जाता येईल अशा एका कॉलेजात. तिथल्या एका ताईने मला मायक्रोस्कोपला डोळा लावू दिला. खाली कांद्याची साल होती. रोज आई जी सोलून कचऱ्यात टाकते ती कांद्याची साल, आणि तिच्यात एकाला एक लागून इतक्या खोल्या! मी तिथून हटेचना. मागची रांग शिव्या घालायला लागली तेव्हा बाईंनी मला दंडाला धरून ओढून काढलं. घरी आल्या आल्या मी जाहीर केलं की अकरावी सायन्स, आणि तेही तिथेच. पप्पा कोलशेतच्या एका कंपनीत शिफ्टला जायचे. त्यांनी कोणाकडून तरी त्या कॉलेजचा आदल्या वर्षीचा कटऑफ आणला आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. कपडे काढायला गेलं की आधी कटऑफ दिसायचा. शाळेच्या प्रत्येक परीक्षेत मी त्या आकड्याच्या दोन-तीन मार्क खालीच. पप्पांनी शांतपणे हिशेब केला आणि म्हणाले, "अभ्यास तू करतेच आहेस. आता चित्र काढायला शिक."

"तिला?" आई म्हणाली.

तर अशी मी सरांकडे आले. पहिल्याच दिवशी सर आमच्याकडे पाठ करून, फळ्याकडे तोंड करून उभे राहिले आणि तसंच बोलायला लागले. "स्मरणचित्राच्या पेपरला माणसं काढावी लागतात. माणसाचा चेहरा काढायला शिकायचं म्हणजे दहा वर्षं. परीक्षा कधी आहे?"

"दोन महिन्यांवर," आम्ही म्हटलं.

"मग चेहरा नको."

विषय संपला. माझी मैत्रीण प्राजू म्हणजे शंकांचं गोदाम, तिने हात वर केला. सर फळ्याकडे तोंड करून होते, तरी म्हणाले, "बोल."

"सर, आणि हात?"

"हाताला पाच बोटं. कोण मोजत बसणार? हात खिशात."

"बायकांच्या साडीला खिसा नसतो सर."

"बाईच्या हातात मोठी पिशवी. पिशवीच्या मागे हात. पिशवीचं दुसरं काम काय असतं?"

"आणि पाय?"

"पाय गवतात. गुडघाभर. पाय दाखवले की माणसाला उभं करावं लागतं. गवत असलं की गवत त्याला धरून ठेवतं."

हात खिशात, पाय गवतात. हे आम्ही इतक्यांदा म्हटलंय की मला अजून मधूनच आठवतं, बसच्या रांगेत वगैरे. आमच्या चित्रांत कुठेही गवत उगवायचं. प्राजूने रेल्वेच्या तिकीटघरात गुडघाभर गवत काढलं तेव्हा मी फिदीफिदी हसले. सर म्हणाले, "हसायला काय झालं? ठाकुर्लीला उगवतं." बँकेत गवत, दवाखान्यात गवत, लग्नाच्या हॉलमध्ये गवत. हॉलचं निदान लॉन आहे म्हणून खपून गेलं. मी एकदा ‘दवाखाना’ काढला. कागदभर नुसती डॉक्टरांची पाठ. सरांनी विचारलं, "पेशंट?"

"डॉक्टरांच्या पुढे झोपलाय सर. दिसत नाही."

"छान. बरा होईल."

समोर काढायला माणूस लागतो, म्हणून सर स्वतःच मॉडेल व्हायचे. भिंतीकडे तोंड, कॉलरला मागे छत्री, डाव्या हातात कापडी पिशवी, उजवा हात खिशात, डोक्यावर मागे वाटीएवढं टक्कल. चाळीस-चाळीस मिनिटं हलायचे नाहीत, आणि मागे काय चाललंय ते सगळं त्यांना कळायचं. "रोहन, शेंगदाणे संपव नाहीतर वाट." "प्राजक्ता, टक्कल एवढं मोठं नाहीये माझं." आम्ही एकमेकांकडे बघायचो. टक्कल त्यांना कसं कळलं?

क्लासची खोली गावातल्या एका म्हाताऱ्या घरमालकिणीची. एके काळी तिच्या घरची मिठागरं होती, आता तीन बिल्डिंगी. ती दारातून डोकवायची आणि कपाळावर हात मारायची. "मास्तर, जरा तुजा तोंड दाव रं पोरांना! त्यांना वाटंल, मास्तरला तोंडच नाय!" सर भिंतीकडे बघूनच हात जोडायचे. मग त्यांना आठवायचं की हात खिशात हवा, आणि तो परत खिशात जायचा.

स्थिरचित्राची वेगळीच तऱ्हा. टेबलावर तांब्या, दोन कांदे, एक वांगं आणि मागे फडका. पण वांगं घरचं असायचं. सहा वाजत आले की सरांच्या मिसेसचा फोन, आणि फोन स्पीकरवर. "वांगं मोकळं झालं का? तेल तापलंय." सर आमच्याकडे बघायचे, म्हणजे आमच्या कागदांकडे. "आटपा, आटपा. वांग्याला निघायचंय." वांग्याची सावली राहिली की राहिलीच. त्या दोन महिन्यांत सरांच्या घरी किती वांगी खाल्ली गेली देव जाणे. मला मात्र कांदा काढायला आवडायचं. कांद्याला मी अर्धा तास द्यायचे आणि तांब्या शेवटी पाच मिनिटांत उरकायचे. सर म्हणायचे, "कांद्याशी काय नातं आहे गं तुझं?" मी त्यांना मायक्रोस्कोपचं सांगितलं. फळ्याकडे बघत त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कॉलेज मिळालं पाहिजे तुला." बस, एवढंच. पण दुसऱ्या दिवसापासून टेबलावर तीन कांदे यायला लागले.

लोक त्यांना वेडपट म्हणायचे, आणि ते होतेच. पण पाठीचं त्यांना जे कळायचं ते कोणालाच कळत नव्हतं. एकदा मी घरून भांडून आलेले. एक शब्द बोलले नव्हते, गुपचूप कोपऱ्यात बसले. सर मागून गेले आणि म्हणाले, "आईशी की पप्पांशी?" एकदा प्राजूला मागून बघूनच त्यांनी सांगितलं, "हिला ताप आहे, घरी सोडा," आणि खरंच एकशेदोन निघाला. "पाठ खोटं बोलत नाही रे," म्हणायचे. "तोंडाचं काय, ते कसंही करता येतं."

परीक्षा डोंबिवलीच्या एका शाळेत होती. स्मरणचित्राला तीन विषय दिलेले, त्यातला एक घ्यायचा. मी भाजीबाजार घेतला. माणसं पाठमोरी, भाजीवाली पाठमोरी, अगदी गायसुद्धा पाठमोरी. बाहेर आलो तर सर गेटकडे पाठ करून उभे.

"तोंड?" त्यांनी न वळता विचारलं.

"एकही नाही सर!"

"गवत?"

"भरपूर!"

"शाब्बास," म्हणाले, आणि सतरा जणांना उसाचा रस पाजला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना शाळेतून फोन. सतराही मुलांना घेऊन ताबडतोब या.

मुख्याध्यापिकाबाईंच्या ऑफिसात आम्ही भिंतीला चिकटून उभे राहिलो. पेपरच्या वेळी वर्गात फिरणारे मोठ्या मिशांचे एक चित्रकलेचे शिक्षक होते, त्यांनी टेबलावर सतरा चित्रं पसरली. मी मान लांब करून बघितलं. आम्ही विषय वेगवेगळे घेतलेले, बाजार, बसथांबा, शाळेचा क्रीडादिन. पण प्रत्येक चित्रात तो उभा होता. कॉलरला छत्री, डाव्या हातात पिशवी, मागे वाटीएवढं टक्कल. माझ्या बाजारात तो वांगी घेत होता. प्राजूच्या बसथांब्यावर तो रांगेत पहिला. आणि रोहनच्या क्रीडादिनात पाच पोरं शर्यतीत जीव तोडून धावत होती, सहाव्या लेनमध्ये हा पिशवी घेऊन शांत उभा, गुडघाभर गवतात.

"सतरा कागद, एकच माणूस," मिशीवाले सर म्हणाले. "एवढं तंतोतंत? हा छाप आहे बाई. कोणीतरी ट्रेसिंग आत नेलंय आणि सगळ्यांत फिरवलंय. सरळसरळ कॉपी आहे."

बाई शांत होत्या. "उद्या पेपर पुढे पाठवायचे आहेत," त्या म्हणाल्या. "सोबत यांचा अहवाल गेला, तर सतराही जणांचा निकाल रद्द होईल. ग्रेड नाही आणि दहावीचे जादा मार्कही नाहीत. तुम्हाला काय म्हणायचं आहे?"

माझ्या डोळ्यांसमोर कपाटाचं दार आलं. मार्क तीन का होईनात, पण ते मिळाले तर ठाणे, नाहीतर नाही. आणि कॉपी न करता ते जाणार! मला रडू येत होतं आणि रडूपेक्षा राग जास्त येत होता. ज्या मुलीला धड गाय काढता येत नाही तिने छाप मारलाय असं हा माणूस म्हणतोय. छाप असता तर गाय अशी दिसली असती का?

सर ऑफिसात आल्यापासून खिडकीशी, बाहेर तोंड करून उभे होते. मोठ्या माणसांसमोर कसं उभं राहायचं ते त्यांना कधीच जमलं नाही. तसेच म्हणाले, "बाई, यांतली कोणतीही तीन पोरं घ्या. तीन वेगळ्या खोल्यांत बसवा. विषय तुम्ही द्या, आत्ताच्या आत्ता. मी इथून हलत नाही."

बाईंनी मला, प्राजूला आणि रोहनला निवडलं. प्राजूला ‘विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका’, रोहनला ‘सर्कस’, मला ‘वाढदिवस’. खोलीत एक शिपाईकाका माझ्यावर नजर ठेवून बसले. मी पाठ काढायला घेतली आणि हात आपोआप चालायला लागला. अर्ध्या तासाने तिघांची चित्रं टेबलावर.

प्राजूच्या विहिरीवर चार बायका हंडे घेऊन रांगेत, आणि पाचवे सर, पिशवी घेऊन. रोहनच्या सर्कशीत सिंहाचा पिंजरा होता. पिंजऱ्यात सिंह पाठमोरा, सरही पाठमोरे, दोघं मिळून कुठेतरी निघालेले. माझ्या वाढदिवसात केक दिसतच नव्हता, कारण सर त्याच्यासमोर उभे होते. घरात फुगे होते आणि गवत होतं.

बाईंनी तिन्ही चित्रं पाहिली. मग मान वर करून खिडकीकडे पाहिलं. कॉलरला छत्री. डाव्या हातात पिशवी. टक्कल. त्यांनी मिशीवाल्या सरांना बोटाने तिकडे बघायला सांगितलं.

"हाच तो!" मिशीवाले सर चोर सापडल्यासारखे ओरडले.

सर घाबरून वळले. कॉरिडॉरमधून आत डोकावणारी आमची सगळी बॅच हसायला लागली आणि बाईंनाही रुमाल तोंडाला लावावा लागला. मला वाटलं, सुटलो. पण मिशीवाले सर हट्टाला पेटलेले. "म्हणजे छाप नाही, पण घोटून घेतलंय," ते म्हणाले. "यांना स्वतःचं काही येतच नाही. येत असेल तर एक चेहरा काढून दाखवू देत. चेहऱ्यालाच का एवढे घाबरतात हे?" मग टेबलावरची पेन्सिल उचलून त्यांनी सरांपुढे धरली. "नाहीतर तुम्हीच दाखवा. घ्या. बाई समोर बसल्यात. काढा."

सरांनी पेन्सिल हातात घेतली. बाईंकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. एवढा मोठा माणूस, पण नापास झालेल्या मुलासारखा उभा होता.

"मला येत नाही," ते म्हणाले.

सर पेन्सिल दोन्ही हातांत फिरवत राहिले. "मी आर्ट कॉलेजला होतो, बाई. चेहऱ्याच्या पेपरला तीनदा बसलो. समोर मॉडेल म्हणून एक बाबा असायचे. तिन्ही वेळा त्यांनी उठताना माझा कागद बघितला. तिसऱ्यांदा मला म्हणाले, मी तुझं काही वाईट केलंय का? मग मी परत गेलो नाही. कॉलेज राहूनच गेलं माझं." त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. "मला मागची बाजू येते. तेवढी पोरांना देतो. माझं राहिलं तसं यांचं राहू नये, एवढंच."

आता हसण्यासारखंच होतं ते, ‘मी तुझं काही वाईट केलंय का’, आणि प्राजूच्या नाकातून आवाज निघालाही. पण मला हसू आलं नाही. माझ्या डोक्यात सणक गेली. आईच्या भाषेत, माझं रॉकेल पेटलं.

"मी काढते चेहरा," मी म्हटलं.

"कोणाचा?" मिशीवाले सर म्हणाले.

"सरांचा. समोरून."

"अगं नको," सर म्हणाले. "तीन मार्कांचा प्रश्न आहे तुझा. कशाला हात घालतेस?"

"तुम्ही बसा सर." मी त्यांना दमच दिला. ते निमूट बसले.

त्या दिवशी मी सरांचा चेहरा पहिल्यांदा नीट बघितला. दोन महिने त्यांच्या क्लासला गेले, पण त्यांच्या नाकाशेजारी तीळ आहे हे मला माहीत नव्हतं. एक भुवई पांढरी आणि एक काळी. डोळे घाबरलेले. मी काढायला घेतलं. कपाळ काढता काढता कागद वर संपला, त्यामुळे केस बाहेरच राहिले. एक कान नाकाशी आला, दुसरा जागा मिळेल तिथे. ओठ खोडून खोडून तिथे भोक पडायची वेळ आली. तीळ मात्र झकास जमला. शेवटी कागदावर चष्मा लावलेला फणस तयार झाला. खाली मी ‘सर’ असं लिहिलं, न जाणो.

बाईंनी कागद उचलला आणि सरांच्या शेजारी धरला. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. त्यांची हनुवटी थरथरत होती.

"ओळखू येतात," त्या म्हणाल्या. थोडं थांबून म्हणाल्या, "चष्म्यावरून."

मग त्यांनी चित्र मिशीवाल्या सरांसमोर ठेवलं. "सर, मला एक सांगा. ही मुलगी दुसऱ्याचं बघून काढणारी असती, तर तिने इतकं... इतकं स्वतःचं काढलं असतं का?"

मिशीवाले सर त्या फणसाकडे बराच वेळ बघत राहिले. "नाही," शेवटी म्हणाले. "हे कुठूनच घेतलेलं नाही."

बाईंनी अहवालावर लाल पेनाने लिहिलं, ‘गैरप्रकार आढळला नाही’, आणि पुरावा म्हणून माझं चित्र त्याला टाचलं. आम्ही निघालो तेव्हा मिशीवाल्या सरांनी सरांना दारात गाठलं. मला वाटलं, माफी मागतायत. त्यांनी विचारलं, "ती छत्री तिथे का अडकवता हो?"

"एका हातात पिशवी," सर म्हणाले, "आणि दुसरा खिशात असतो ना."

ग्रेड लागल्या. रोहनला बी, शर्यतीतल्या माणसासकट. प्राजूला ए! मी आठवडाभर तिच्याशी बोलले नाही. मला सी. पप्पा म्हणाले, "तीन म्हणजे तीन," आणि कपाटाच्या दारावर पेन्सिलीने अधिक तीन लिहिलं.

दहावी झाली, निकाल लागला, ऑनलाइन फॉर्म भरला. पसंतीच्या पहिल्या नंबरवर ते ठाण्याचं कॉलेज. पहिल्या यादीत नाव नाही. घरात कोणी एकमेकांशी बोलेना. आई पोळ्या लाटताना लाटणं आपटायची. दुसऱ्या यादीच्या दिवशी पप्पा ड्युटीवर होते, त्यांनी दर दहा मिनिटांनी फोन केला. वेबसाइट उघडेना. उघडली तेव्हा मी आधी कटऑफ बघितला, मग माझे मार्क, मग परत कटऑफ. दोन्ही आकडे सारखे होते, पॉइंटच्या पुढचेसुद्धा. मी पप्पांना फोन लावला आणि नुसतीच ओरडले.

"आणि ते तीन नसते तर?" त्यांनी विचारलं. मागे मशीनचा आवाज येत होता.

"तर नाही, पप्पा."

पप्पा घसा साफ करून म्हणाले, "सरांना पेढे दे. मोठा बॉक्स घे."

मी संध्याकाळी गेले. क्लास सुटलेला, सर एकटेच कागद गोळा करत होते. त्यांना ओळखायला त्रास नको म्हणून मी दारातून उलटी आत गेले, पाठ पुढे करून.

"अगं वळ, वळ," सर म्हणाले. "ओळखतो मी तुला."

मी वळून त्यांना यादीतलं नाव दाखवलं. त्यांनी मोबाइल लांब धरून वाचलं, जवळ धरून वाचलं. लागोपाठ तीन पेढे खाल्ले. "मायक्रोस्कोप अजून आहे ना तिथे? फोन करून विचारून घे," म्हणाले. मग इकडेतिकडे बघितलं, घरमालकीण दारात नाही ना ते पाहिलं, एक कोरा कागद बोर्डाला लावला आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसले. समोर. तोंडाकडे तोंड करून.

"घाई आहे का तुला?"

"नाही सर."

"मग जरा बस. हलू नकोस."

मी तासभर बसले. सर कागदाकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे, खोडायचे, फुंकर मारायचे. त्यांच्या कपाळावर घाम आलेला. मिसेसचा फोन दोनदा वाजला, त्यांनी उचलला नाही. माझ्या नाकाला खाज येत होती, डास चावत होते, तरी मी ढिम्म हलले नाही. शेवटी त्यांनी पेन्सिल ठेवली.

"झालं? उठू?"

"बसलीस तू," सर म्हणाले. त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाने उगाचच पुसत राहिले. मग कागदाची गुंडाळी करून माझ्या हातात दिली. "इथे बघू नकोस. घरी जाऊन बघ."

घरी मी ती जमिनीवर उलगडली आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. आई मागून वाकली.

"हा कोण गं?" म्हणाली. "मामा का?"

मला असा संताप आला की विचारू नका. "मी आहे ती!" मी ओरडले. "सरांनी काढलीय. समोरून काढलीय! नीट बघ ना जरा!"

आईने पदराला हात पुसले, वाट्या बाजूला केल्या, कागद उचलून खिडकीपाशी नेला आणि खरंच नीट बघितलं.

"नाक मामाचंच आहे," ती म्हणाली. "पण खूश दिसतेयस."